जन्मजात हृदयदोष असलेल्या तरुण मुलांना येतो तो 'अटॅक' नेमका कसला?

अंत्रुजकर (धागाकर्ता)

मंडळी, मैदानावर वीस-बावीस वर्षांचा मुलगा कोसळला की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर 'अटॅक' फिरायला लागतो, आणि मागोमाग 'लहानपणी काळजाला भोक होतं म्हणे' ही पुस्ती. मग दोन टोकं. एक म्हणतं, ऑपरेशन झालेल्या पोराला खेळूच देऊ नये. दुसरं म्हणतं, ऑपरेशन झालं, विषय संपला. दोन्ही चूक. इथे इको (हृदयाची सोनोग्राफी) काढणारे, १०८वर काम करणारे, पीटी घेणारे असे सगळेच आहेत, म्हणून धागा काढतोय. कृपा करून कहाण्या नकोत, कामाचं लिहा.

सुरुवात मी करतो. अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी धमनी, कोरोनरी, तुंबणे. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छाती दाबल्यासारखी होते, दरदरून घाम येतो. हृदय बंद पडणे म्हणजे कार्डियाक अरेस्ट ही निराळी गोष्ट. त्यात खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही, आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. जन्मजात दोष असलेली तरुण मुलं अचानक जातात ती बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकाराने, ठोक्यांची लय बिघडून. धमनीत चरबी साचून नव्हे. त्यामुळे 'कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं' या वाक्याला इथे काही अर्थ नाही.

इकोवाली

मूळ मुद्दा बरोबर, पण खरा अटॅकही या मुलांना येतो, आणि त्याची कारणं वेगळी असतात. तीन सांगते.

पहिलं, कोरोनरी चुकीच्या जागेवरून निघणे. महाधमनीच्या मुळाशी झडपेवर तीन खोलगट कप्पे असतात. डावी कोरोनरी डाव्या कप्प्यातून निघायला हवी. काहींमध्ये ती उजव्यातून निघते आणि महाधमनी व फुफ्फुसधमनी यांच्या मधून वाट काढत डावीकडे जाते. तिचं तोंड गोल नसतं, फटीसारखं असतं, शर्टाच्या काजासारखं. सुरुवातीचा भाग कधीकधी महाधमनीच्या भिंतीतूनच जातो. बसल्या जागी काही होत नाही. धावताना महाधमनी फुगते, फट आणखी मिटते, आणि नेमकं स्नायूला जास्त रक्त हवं तेव्हाच ते पोचत नाही. पुढे लय बिघडते, मुलगा पडतो.

यातली खोच अशी की साधा ईसीजी नॉर्मल येतो. स्ट्रेस टेस्टही बऱ्याचदा नॉर्मल येते. इको 'नॉर्मल' लिहून आला तरी त्यात दोन्ही कोरोनरींची तोंडं पाहिली का, ते विचारा. अहवालात तशी ओळ असायला हवी. शंका राहिली तर सीटी कोरोनरी अँजिओ. इलाज गोळी नव्हे, शस्त्रक्रिया: भिंतीतला भाग आतून उघडून तोंड मोठं करतात.

दुसरं, डावी कोरोनरी थेट फुफ्फुसधमनीतून निघणे. ही बाळं जन्मतः ठीक दिसतात. दीड-दोन महिन्यांची झाली की फुफ्फुसधमनीतला दाब उतरतो आणि कोरोनरीतलं रक्त उलटं वाहायला लागतं. दूध पिताना बाळ घामाघूम होतं, मधेच थांबून कळवळून रडतं. घरचे पोटशूळ समजून ओवा-हिंगाचा लेप लावतात. ईसीजीत पहिल्या लीडला आणि एव्हीएलला खोल क्यू लाटा दिसतात: एवढ्याशा बाळाला आलेला खरा अटॅक. 'हृदय मोठं आणि कमजोर' असं निदान झालेल्या प्रत्येक बाळाच्या कोरोनरी पुन्हा तपासाव्यात ते याचसाठी. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर स्नायू बराचसा सावरतो.

तिसरं, धमन्यांच्या अदलाबदलीची शस्त्रक्रिया झालेली मुलं. महाधमनी आणि फुफ्फुसधमनी जागच्या जागी बदलताना कोरोनरीही उचलून नव्या मुळाला शिवाव्या लागतात. तिथे पुढे पीळ किंवा अरुंदपणा येऊ शकतो. हृदयाच्या नसा त्या वेळी कापल्या गेलेल्या असतात, त्यामुळे छातीत दुखेलच असं नाही. 'दुखत नाही म्हणजे ठीक' हा हिशेब या मुलांना लावू नका.

पेडणेकरीण

धाग्यावर आपली मुलं घेऊन आलेले पालक घाबरतील अशी भीती वाटते. भोक म्हणजे नेमकं कुठलं भोक, हे कोणी सांगेल का?

इकोवाली

हो, ते आधीच लिहायला हवं होतं. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र (एएसडी) किंवा खालच्या कप्प्यांमधलं (व्हीएसडी) वेळेवर बंद केलं असेल, फुफ्फुसाचा दाब नॉर्मल असेल, झडपा ठीक असतील, तर अचानक मृत्यूचा धोका फार थोडा. अशी मुलं फुटबॉल खेळतात, खेळावं. छिद्र बुजवणारं डिव्हाइस लावलं असेल तर पहिले सहा महिने रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवायची नाही आणि त्या काळात धक्काबुक्कीचे खेळ नकोत.

काळजीची यादी वेगळी: फॅलोचा चतुर्दोष (खालचं छिद्र आणि फुफ्फुसाकडचा अरुंद मार्ग धरून चार दोष एकत्र), महाधमनीची झडप अरुंद असणे, एकाच कप्प्यावर चालणारं हृदय (फोंटान, म्हणजे शिरांचं रक्त थेट फुफ्फुसाकडे वळवायची शस्त्रक्रिया, झालेली मुलं), छिद्र बंद न केल्यामुळे फुफ्फुसाचा दाब चढून ओठ निळे पडलेले, आणि वर लिहिलेले कोरोनरीचे प्रकार. निम्म्या वेळा पालकांना दोषाचं नावच ठाऊक नसतं, 'भोक होतं, शिवलं' एवढंच. फॅलोतही भोक असतंच, पण ती गोष्ट भोकापाशी संपत नाही.

लयबद्ध

फॅलोबद्दल लिहितो, माझा रोजचा विषय.

दुरुस्ती बहुधा पहिल्या वर्षाच्या आसपास होते. खालचं छिद्र पॅचने बुजवतात आणि उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारा अरुंद मार्ग रुंद करतात. मार्ग रुंद करताना फुफ्फुसाची झडप अनेकदा निकामी होते आणि गळायला लागते. गळती वर्षानुवर्षं कुरकुर न करता सोसली जाते. मूल शाळेत जातं, सायकल चालवतं, सगळे विसरतात. इकडे उजवा कप्पा फुगत जातो. पॅच आणि टाक्यांच्या व्रणाभोवती विजेला फिरायला गोल वाट मिळते, आणि विशी-तिशीत कधीतरी त्या वाटेवर वेगवान लय सुरू होते.

हे आधी कळायची खूण साध्या ईसीजीत असते. क्यूआरएसची, म्हणजे खालचे कप्पे आकसतानाच्या उंच लाटेची, रुंदी मोजा. शस्त्रक्रियेनंतर उजव्या फांदीचा ब्लॉक (उजव्या कप्प्याकडे वीज उशिरा पोचणे) जवळजवळ सगळ्यांना असतो, त्याने घाबरू नये. पण रुंदी वर्षागणिक वाढत १८० मिलिसेकंदांपर्यंत गेली तर धोक्याच्या गटात धरतात. २५ मिमी प्रतिसेकंद वेगाच्या कागदावर एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे साडेचार चौकोन. म्हणून जुने ईसीजी फेकू नका. १४०वरून १७०वर गेलेला ईसीजी जास्त बोलका. एकटा १७० काय सांगणार?

बाकी: वर्षातून एकदा इको, सांगतील तेव्हा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), आणि काही वर्षांनी एमआरआय, कारण उजव्या कप्प्याचं आकारमान इकोत नीट मोजता येत नाही. फुफ्फुसाची झडप कधी बदलायची हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. धडधड सुरू होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तर वार्षिक तपासणीची वाट पाहू नये, त्याच दिवशी जावं.

म्हापसेकर

मग छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवायची की नाही? आमच्याकडे प्रत्येक घरात ती असते.

लयबद्ध

या मुलांना नाही. तिने रक्तदाब एकदम उतरतो. झडप अरुंद असेल किंवा स्नायू जाड असेल तर उतरलेला दाब सावरायला हृदयाकडे वाव नसतो, मुलगा तिथेच आडवा होतो. निळ्या मुलांत दाब उतरला की अशुद्ध रक्त आणखी डावीकडे वळतं. आजोबांची गोळी आजोबांनाच. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नाही, ना गोळी, ना पाणी, ना साखर.

एकशेआठ

कोसळल्यावरचं मी लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

पडल्यावर पहिल्या मिनिटात हातपाय झटकू शकतात, त्याला लोक फीट समजतात. मग चप्पल हुंगव, कांदा फोड, हातात चाव्या दे. त्यात दोन-तीन मिनिटं जातात. दुसरा घोळ श्वासाचा. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तशा उचक्या चालू असतात. 'श्वास चालू आहे' म्हणून सगळे थांबतात. तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. नाडी शोधत बसू नका, गर्दीत घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच नाडी लागते.

एकाने १०८ लावायचा, फोन स्पीकरवर. मैदानाचं नाव एकट्याने पुरत नाही. कुठल्या गेटने आत यायचं, जवळ कुठलं देऊळ किंवा चॅपेल, हे सांगा. एक माणूस रस्त्यावर उभा करा. दुचाकी रुग्णवाहिका आधी पोचली तर 'हिच्यात कसं नेणार' म्हणून परत पाठवू नका, ती उपचार घेऊन येते.

दुसऱ्याने छाती दाबायची. पाठ कडक जमिनीवर. पलंगावर नाही, कोरड्या सैल वाळूत नाही. किनाऱ्यावर असाल तर पाण्याजवळच्या घट्ट ओल्या वाळूवर आणा. तळव्याची टाच उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, कोपर ताठ, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या; दमलेला माणूस छातीवर रेलून राहतो आणि हृदय भरतच नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. श्वास द्यायचं शिकला असाल तर ३० दाब, २ श्वास. नसाल शिकला तर नुसते दाब चालू ठेवा. बुडालेल्याला आणि लहान मुलाला मात्र श्वास हवेतच.

छातीवर उभा जुना व्रण दिसला की लोक हात मागे घेतात. घेऊ नका. हाड केव्हाच जुळून आलेलं असतं.

एईडी (लय स्वतः तपासून छातीला शॉक देणारं यंत्र) असेल तर लगेच लावा. शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला, छाती दाबली जात नसेल तर, वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. घाम पुसून पॅड चिकटवा: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेखाली. कातडीखाली पेसमेकरची चकती हाताला लागली तर पॅड तिच्यावर नको, बाजूला.

स्कूटरवर मधे बसवून न्यायचं तर नावच काढू नका. बसवलं की मेंदूला पोचणारं उरलंसुरलं रक्तही खाली येतं, आणि दाब बंद.

इकोवाली

एक भर. काहींचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं. छाती दाबायची जागा तीच, मधली. पण एईडीचे पॅड आरशासारखे उलटे लावायचे. ईसीजीच्या छातीवरच्या लीडही उजवीकडे लावायच्या, नाहीतर कागदावर भलतंच चित्र उमटतं.

एकशेआठ

बरोबर. म्हणून असं काही असेल तर पाकिटात चिठ्ठी हवी.

पीटी मास्तर

शाळेच्या बाजूने. 'हृदयाचा त्रास आहे का' या प्रश्नाला प्रत्येक पालक 'नाही' लिहितो, कारण ऑपरेशन झालं म्हणजे त्रास गेला. प्रश्न असे हवेत: धावताना किंवा धावून थांबल्याबरोबर कधी चक्कर येऊन पडला का? खेळताना छातीत दुखलं का? मित्रांपेक्षा फार लवकर दम लागतो का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? छातीवर किंवा बरगडीखाली व्रण आहे का?

पहिल्या प्रश्नाला 'हो' असेल तर मुलगा त्या दिवसापासून बाहेर, कागद येईपर्यंत. प्रार्थनेला उभं राहून उन्हात चक्कर येणं वेगळं आणि पळताना चालत्या पायावर कोसळणं वेगळं. पळताना कोसळलेल्याला 'सकाळी काही खाल्लं नसेल' म्हणून सोडू नका.

परवानगीच्या कागदावर 'खेळायला हरकत नाही' एवढंच चालवून घेऊ नका. कुठला खेळ, किती जोर, हे लिहून मागा. झडप अरुंद किंवा महाधमनी रुंद झालेल्या मुलाला चालणं, हलकं धावणं चालेल, पण वजनं उचलणं, रस्सीखेच, दहीहंडीचा खालचा थर नको, कारण दम कोंडून जोर लावला की दाब भसकन चढतो. बाकीच्यांना साधी मोजपट्टी: खेळताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं.

निळसर मुलांना मे महिन्यात आणि जुलाबात पाणी कमी पडू देऊ नका. त्यांचं रक्त आधीच घट्ट असतं, पाणी आटलं की गुठळी. तहानेची वाट न पाहता पाजायचं.

दातकोरा

दंतवैद्यांचं या धाग्यावर काय काम असं वाटेल, पण आहे. हिरडीतले जंतू रक्तात जाऊन पॅचच्या कडेला किंवा कृत्रिम झडपेवर घर करतात. त्या गाठीचा तुकडा सुटून कोरोनरीत अडकला तर तो अक्षरशः अटॅकच, मुलगा पंचविशीचा असला तरी.

दात काढणं, हिरडीखालची सफाई यांआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिनचा एकच डोस: मोठ्यांना २ ग्रॅम, मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम. पाच दिवसांचा कोर्स नव्हे. सगळ्यांना नाही, फक्त यांना: कृत्रिम झडप असलेले, आधी असा संसर्ग झालेला, दुरुस्ती न झालेला निळा दोष असलेले, पॅच-डिव्हाइस लावून सहा महिने न झालेले, किंवा पॅचच्या कडेने अजून गळती असलेले. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन वापरतात, पण ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांब असलेल्याला ते नको. क्यूटीचा प्रश्न असलेल्यांनी उलटीची ऑन्डान्सेट्रॉनही दुकानातून परस्पर घेऊ नये.

आणि ताप. अशा मुलाला कारण न सापडणारा ताप तीन दिवस राहिला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, तीन वेगवेगळ्या टोचण्यांतून. आधी गोळ्या दिल्या की कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि निदान महिनाभर लांबतं.

अंत्रुजकर

फायलीचा विषय राहिला, तो मी घेतो.

गोव्यात छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी जवळच्या आरोग्य केंद्रात काढून 'स्टेमी गोवा' या अटॅकसाठीच्या उपक्रमाखाली लगेच तज्ज्ञाकडून वाचून घेतात, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन रुग्णाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हलवतात. पन्नाशीच्या माणसासाठी उत्तम. पण फॅलो झालेल्या मुलाचा ईसीजी कायमचाच वाकडातिकडा असतो. जुना कागद समोर नसेल तर नवं काय आणि जुनं काय, कळायला मार्ग नाही. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेल्यांत तर छातीतली कळ महाधमनी चिरल्याचीही असू शकते, आणि तिथे ते इंजेक्शन जिवावर बेततं. म्हणून ठीक असतानाचा ईसीजी फोनमध्ये फोटो करून ठेवा, आणि मुलाच्याच नव्हे, आईच्या आणि मित्राच्या फोनमध्येही.

फाइलमध्ये हवं ते: दोषाचं पूर्ण नाव, ऑपरेशन नोट (डिस्चार्ज कार्ड वेगळं, ऑपरेशन नोट वेगळी, मागून घ्यावी लागते), शेवटचा इको, चालू गोळ्या डोससकट, डिव्हाइस किंवा पेसमेकरचं कार्ड. हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसधमनीला जोडलेली असेल तर 'या हाताचा बीपी घेऊ नये' हे ठळक अक्षरांत. त्या हाताचा दाब खोटा कमी येतो आणि कोणीतरी सलाईन ओतत बसतं. शस्त्रक्रिया बेळगाव, मुंबई, बंगळूर कुठेही झालेली असते. तिथलं रेकॉर्ड वीस वर्षांनी मिळेल या भरवशावर राहू नका.

दुसरी अडचण अठराव्या वर्षी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरापर्यंतच. बालरोगवाले 'आता मोठ्यांच्या विभागात जा' म्हणतात, तिथे कोणी ओळखत नाही, कॉलेज सुरू होतं, तपासणी तुटते. आणि लयीचे बिघाड डोकं वर काढायचं वयही तेच. सोळाव्या वर्षापासूनच मुलाला स्वतःच्या दोषाचं नाव आणि गोळ्या पाठ हव्यात, आई खोलीबाहेर असताना सांगता येतील इतक्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू ठेवा: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. मुदत संपलेलं कार्ड दाखल होताना आठवतं, त्याचा उपयोग नसतो.

पेडणेकरीण

शेवटचा प्रश्न. पेसमेकर बसवलेल्या मुलाला शिगम्याच्या मिरवणुकीत पाठवावं का? ढोल-ताशांचा आवाज चालेल?

लयबद्ध

आवाजाने पेसमेकरला काही होत नाही. प्रश्न स्पीकरच्या चुंबकाचा. ट्रकवरच्या मोठ्या स्पीकरला पाठ-छाती टेकून उभं राहायचं नाही, हातभर अंतर ठेवायचं. मोबाईल चकतीच्या बाजूच्या खिशात नको, १५ सेंटीमीटर तरी लांब. ढोल गळ्यात अडकवणार असेल तर पट्टा चकतीवर घासणार नाही असा दुसऱ्या खांद्यावर घ्या, आणि बसवून सहा आठवडे झाले नसतील तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊन नाचायचं नाही, तार सरकते. बाकी रोमटामेळात जाऊ दे, ताई. सोबतच्या दोघांना छाती दाबता येते का, तेवढं आधी बघा.